घरच्या कॉम्प्युटरसाठी डाउनलोड मॅनेजर कसा निवडायचा?

डाउनलोड मॅनेजरबद्दल विचारणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “स्पीड वाढतो ना?” घरी बरं फायबर असेल तर फारसा वाढत नाही, हे आधीच सांगून टाकतो. हे सॉफ्टवेअर बसवायचं ते नव्वद टक्क्यांवर तुटलेली फाइल पुन्हा पहिल्यापासून ओढावी लागू नये म्हणून. नाशिकमध्ये त्याला निमित्तं कमी नाहीत. सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ता उकरला की कुठेतरी केबल तुटते आणि गल्लीतलं नेट संध्याकाळपर्यंत गायब. पावसाळ्यात गिरणारे, त्र्यंबककडे लाइटचा लपंडाव सुरू होतो. लाइट मिनिटभर जरी गेली तरी राउटर पुन्हा उभा राहीपर्यंत डाउनलोडने मान टाकलेली असते.

खालची पद्धत विंडोजचा कॉम्प्युटर धरून सांगितली आहे. मॅक किंवा लिनक्स वापरत असाल तर निवडीची पायरी तेवढी नीट वाचा, बाकीचं थोड्या फरकाने तेच आहे.

पायरी १ : मुळात गरज आहे का?

बालभारतीची पुस्तकं, मुक्त विद्यापीठाच्या पीडीएफ, लाइट बिल, सातबारा असल्या फायली उतरवायला क्रोम, एज किंवा फायरफॉक्स भरपूर झालं. कंट्रोल धरून J हे अक्षर दाबलं की ब्राउझरची डाउनलोडची यादी उघडते. तुटलेली फाइल तिथे दिसली तर आधी ‘रिझ्यूम’ दाबून बघा. बऱ्याच जणांना हे बटण असतं हेच ठाऊक नसतं. ते सगळं रद्द करून नव्याने श्रीगणेशा करतात.

वेगळं सॉफ्टवेअर लागतं ते फाइल दोन-चार जीबींची असेल तेव्हा. किंवा नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालत असेल, एकाच पानावरून पन्नास फायली घ्यायच्या असतील, रात्री दोन वाजता डाउनलोड आपोआप सुरू व्हायला हवं असेल, किंवा घरात कोणाची ऑफिसची मीटिंग चालू असताना डाउनलोडला जरा लगाम घालायचा असेल. यातलं काहीच तुम्हाला लागू होत नसेल तर हा लेख इथेच सोडून द्या. विनाकारण एक सॉफ्टवेअर आणि त्याचं ब्राउझरमधलं शेपूट (एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला लावायची जोडणी) सांभाळत बसण्यात अर्थ नाही.

पायरी २ : नेटचा हिशेब मांडा

प्लॅनवर लिहिलेलं ‘४० एमबीपीएस’ म्हणजे सेकंदाला ४० मेगाबिट. डाउनलोडच्या खिडकीत आकडा दिसतो तो बहुधा मेगाबाइटमध्ये. एका बाइटमध्ये ८ बिट, म्हणून ४० ला ८ ने भागा: सेकंदाला ५ एमबी. ६ जीबीची फाइल या वेगाने साधारण २० मिनिटांत उतरते. हॉटस्पॉटवर ४ एमबीपीएस मिळत असेल तर त्याच फाइलला सव्वातीन तासांच्या वर लागतात. “शंभरचा प्लॅन घेतलाय आणि बाराचाच स्पीड दिसतोय” अशी तक्रार करायला केबलवाल्याला फोन लावण्याआधी हा भागाकार करा. १०० भागिले ८ म्हणजे साडेबारा; तुम्हाला पूर्ण वेग मिळतोय.

आता फाइल उतरवताना हा आकडा बघा. ब्राउझरमध्येच प्लॅनचा जवळपास सगळा वेग मिळत असेल तर कुठलाही मॅनेजर त्यात भर घालू शकत नाही. मॅनेजर काय करतो, तर फाइलचे तुकडे पाडतो आणि सर्व्हरशी एकाच वेळी अनेक जोडण्या करून ते तुकडे समांतर ओढतो. सर्व्हरने दर जोडणीला वेगाची मर्यादा घातली असेल, किंवा सर्व्हर लांबच्या देशात असेल आणि वाटेत डेटा गळत असेल, तर याचा खरोखर फायदा होतो. एरवी गच्चीवरच्या टाकीला चार नळ जोडण्यासारखं आहे ते. महापालिकेची लाइन जेवढी, तेवढंच पाणी.

तुटलेलं डाउनलोड जोडण्याची गंमत याच तुकड्यांत आहे. मॅनेजर सर्व्हरला सांगतो की मला अमुक बाइटपासून पुढचं दे. सर्व्हरला हे येत असेल तर तो २०६ क्रमांकाचं उत्तर देतो, म्हणजे ‘हा घे अर्धा भाग’. येत नसेल तर २०० देतो आणि अख्खी फाइल पहिल्यापासून पाठवायला लागतो. म्हणून कितीही महागडं सॉफ्टवेअर घेतलं तरी काही साइटवर रिझ्यूम चालत नाही. तो दोष मॅनेजरचा नाही. नवखा माणूस नेमका इथेच चिडतो आणि दुसरा, तिसरा, चौथा मॅनेजर बसवत सुटतो.

पायरी ३ : निवड

फ्री डाउनलोड मॅनेजर, म्हणजे एफडीएम. पहिल्यांदाच घेणाऱ्याला मी हाच सांगतो. फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो, टॉरेंटही त्यातच उतरतं, वेळापत्रक लावता येतं. खालच्या कोपऱ्यात गोगलगायीचं चित्र असतं. ते दाबलं की डाउनलोड मुद्दाम रांगायला लागतं आणि घरातल्यांचा व्हिडिओ कॉल अडखळत नाही. एक गोष्ट मात्र माहीत असू द्या. २०२३च्या सप्टेंबरात कॅस्परस्की या अँटिव्हायरस बनवणाऱ्या कंपनीने उघड केलं की २०२० ते २०२२ या काळात या साइटवरून लिनक्सची आवृत्ती घ्यायला गेलेल्या काही जणांना भलत्याच पत्त्यावर वळवलं जात होतं आणि तिथल्या फाइलमध्ये पासवर्ड चोरणारा प्रोग्राम होता. कंपनीनेही ते मान्य केलं. विंडोजवाल्यांचा त्याच्याशी संबंध नव्हता, पण अधिकृत साइटवरून घेतलेली फाइलही तपासून घ्यावी ती यासाठी.

इंटरनेट डाउनलोड मॅनेजर, सगळ्यांच्या तोंडी असलेला आयडीएम. फक्त विंडोजसाठी. ३० दिवस फुकट वापरता येतो, नंतर पैसे भरून परवाना घ्यावा लागतो. काम चोख करतो, एका फाइलला ३२ जोडण्यांपर्यंत जाऊ शकतो, आणि लिंक जुनी होऊन मेली तर साइटवरून नवी लिंक घेऊन तेच अर्धवट डाउनलोड पुढे नेण्याची सोय त्यात आहे. रोज मोठ्या फायली उतरवणं हा ज्यांचा धंदाच आहे, लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे, सॉफ्टवेअरवाले, त्यांनी पैसे भरून घ्यावा. महिन्यातून एकदा काहीतरी उतरवणाऱ्याला मला त्याची गरज दिसत नाही.

जेडाउनलोडर जावावर चालतो, त्यामुळे जुन्या, ४ जीबी रॅमच्या कॉम्प्युटरवर जड वाटतो. फाइल-होस्टिंग साइटवर भागाभागांत ठेवलेल्या फायली गोळा करायला त्याच्यासारखा दुसरा नाही. तुम्ही कॉपी केलेली प्रत्येक लिंक तो आपणहून उचलतो; नव्याला कळत नाही की यादीत ही भरताड कुठून आली. ते सेटिंगमधून बंद करता येतं.

फायरफॉक्समधला डाउन-देम-ऑल हा तर वेगळा प्रोग्रामही नाही, ब्राउझरला लावायचं एक्स्टेन्शन आहे. एका पानावर साठ पीडीएफच्या लिंक आहेत आणि त्या सगळ्या हव्यात, एवढ्याचसाठी तो घ्या. २०१९ साली तो नव्याने लिहिला गेला तेव्हापासून फाइलचे तुकडे पाडून ओढणं त्यात राहिलेलं नाही.

काळ्या खिडकीत हुकूम टाइप करायची भीती नसेल तर एरिया-टू बघा. मुक्तस्रोत, अतिशय हलका, आणि दहा वर्षं जुन्या लॅपटॉपवरही पळतो. त्यालाच बटणांचा चेहरा हवा असेल तर मॉट्रिक्स. लिनक्सवर यूगेटही आहे.

फ्लॅशगेट, गेटराइट ही नावं सायबर कॅफेच्या काळापासून डोक्यात बसली असतील तर ती काढून टाका. आज त्या नावांनी शोधाल तर भलतंच काहीतरी गळ्यात पडण्याची शक्यता जास्त.

पायरी ४ : कुठून घ्यायचं, कसं बसवायचं

सगळ्यात जास्त नुकसान याच पायरीवर होतं, म्हणून जरा सावकाश.

पहिली गोष्ट, क्रॅक, म्हणजे पैसे न भरता कुलूप तोडून चालवलेली आवृत्ती, नको. कॉम्प्युटर दुरुस्त करून आणला की दुकानातला पोरगा सहज म्हणतो, “काका, आयडीएम टाकून देऊ का? फुल व्हर्जन आहे, लाइफटाइम.” नको म्हणा. क्रॅक चालवताना पहिली सूचना असते ती अँटिव्हायरस बंद करा ही. ज्या कॉम्प्युटरवर तुम्ही बँकेचं नेटबँकिंग उघडता त्याचा पहारेकरी आपल्याच हाताने झोपवायचा, आणि तोही फुकट पर्याय समोर असताना? परवाना घ्यायचा नसेल तर एफडीएम वापरा, विषय संपला.

दुसरी गोष्ट, गूगलवर नाव टाकल्यावर सगळ्यात वर येणाऱ्या जाहिरातीवर क्लिक करू नका. खाली उतरा, अधिकृत साइट शोधा, पत्त्यातली अक्षरं वाचा. सॉफ्टवेअरचा ढीग ठेवणाऱ्या साइटवर तीन-तीन मोठी हिरवी ‘डाउनलोड’ बटणं असतात, त्यातली दोन जाहिराती. माउस बटणावर नुसता नेऊन ठेवला, क्लिक न करता, तर खिडकीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात खरा पत्ता दिसतो. ही सवय एकदा लागली की बऱ्याच फसवणुकी दारातूनच परततात.

तिसरी, उतरलेली फाइल उघडण्याआधी तिच्यावर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीज, मग ‘डिजिटल सिग्नेचर्स’ हा भाग. तिथे सही करणाऱ्या कंपनीचं नाव असतं. आयडीएमच्या बाबतीत ते टोनेक दिसायला हवं. हा भागच नसेल किंवा नाव अनोळखी असेल तर फाइल थेट कचऱ्यात. मुक्तस्रोत प्रोग्रामांना कधीकधी सही नसते. मग त्यांच्या अधिकृत पानावरचा हॅश, म्हणजे फाइलच्या अंगठ्याच्या ठशासारखी अक्षरं-आकड्यांची ओळ, ताडून बघायचा. तो कसा, ते सहाव्या पायरीत आहे.

बसवताना ‘नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट’ करत सुटू नका. ‘कस्टम’ पर्याय असेल तर तो निवडा आणि प्रत्येक पानावरच्या खुणा वाचा. आणखी एखादं टूलबार, ‘पीसी क्लीनर’, नवा ब्राउझर, होमपेज बदलण्याची परवानगी, जे दिसेल त्याची खूण काढा.

शेवटी ब्राउझरचं एक्स्टेन्शन. ते प्रोग्रामच्या आतून, त्यानेच दिलेल्या लिंकने बसवा. स्टोअरमध्ये नाव टाकून शोधू नका. आयडीएमच्या नावाची नकली एक्स्टेन्शनं क्रोमच्या स्टोअरमध्ये आलेली आहेत आणि कंपनी स्वतःच तसं बजावते. एक्स्टेन्शन बसताना ‘सर्व साइटवरचा तुमचा डेटा वाचण्याची व बदलण्याची’ परवानगी मागतं. लिंक पकडायला त्याला ती लागतेच, पण तुम्ही किती मोठी किल्ली देताय हे कळून घ्या. नको असेल तर एक्स्टेन्शन लावूच नका: लिंकवर राइट क्लिक करून पत्ता कॉपी करा आणि मॅनेजरच्या अधिक चिन्हावर चिकटवा. दोन क्लिक जास्त लागतात, डोकं शांत राहतं. मी घरच्यांच्या कॉम्प्युटरवर असंच ठेवलं आहे.

पायरी ५ : सेटिंग

फायली कुठे साठवायच्या ते आधी ठरवा. सी ड्राइव्ह भरला की विंडोज कण्हायला लागतं, म्हणून डी ड्राइव्हवर एक फोल्डर करून ते नेमून द्या. आयडीएममध्ये आणखी एक खोच आहे: तो तुकडे आधी तात्पुरत्या फोल्डरमध्ये जमवतो, आणि ते फोल्डर मुळात सी ड्राइव्हवर असतं. डी वर शंभर जीबी मोकळे असतानाही जागा नाही म्हणून तो अडतो तो यामुळे. ऑप्शन्समध्ये ‘सेव्ह टू’च्या पानावर तात्पुरत्या फोल्डरचा पत्ता बदलता येतो.

जोडण्यांची संख्या आठच्या वर नेऊ नका. बत्तीस लावले की फाइल चौपट वेगाने येत नाही; काही सर्व्हर उलट जोडण्या तोडतात किंवा तुमचा पत्ताच थोड्या वेळासाठी रोखतात.

‘पकडण्याची’ मर्यादा लावा. नाहीतर मॅनेजर मध्येच उडी मारून प्रत्येक छोटी पीडीएफ आणि फोटोसुद्धा स्वतःकडे ओढतो, आणि घरातले विचारतात, हे काय सारखं वर येतंय? दहा-वीस एमबींहून लहान फायलींना हात लावू नकोस असं सांगून ठेवा.

रात्रीचं वेळापत्रक लावणार असाल तर विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये जाऊन कॉम्प्युटर आपोआप झोपणार नाही याची सोय करा. लॅपटॉपचं झाकण मिटलं की तो झोपतो हेही तिथेच बदलतं. आणि राउटरला छोटा यूपीएस लावा. लॅपटॉप बॅटरीवर जागा राहतो, राउटर मात्र लाइटबरोबर मरतो. माझ्या मते डाउनलोड मॅनेजरच्या परवान्याआधी पैसे घालायचे तर इथे.

हॉटस्पॉट वापरणाऱ्यांनी वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करावं. नाहीतर तुमच्या डाउनलोडच्या जोडीने विंडोजचे अपडेटही दिवसाचा डेटा चाटून पुसून टाकतात.

पायरी ६ : खरी फाइल घेऊन चाचणी

चाचणीला लिबरऑफिस उत्तम. फुकट आहे, कायदेशीर आहे, साडेतीनशे एमबींच्या आसपास आहे आणि त्याला मराठी इंटरफेसही मिळतो. त्याच्या अधिकृत साइटवरची लिंक मॅनेजरला द्या. तीस-चाळीस टक्के झालं की ‘पॉज’ वगैरे काही करू नका. सरळ राउटरची पिन काढा. मॅनेजर थोडा वेळ धडपडेल, लाल होईल किंवा पुन्हा पुन्हा प्रयत्न करतोय असं लिहील. दोन मिनिटांनी पिन लावा, राउटरचा इंटरनेटचा दिवा स्थिर होऊ द्या. चांगल्या मॅनेजरचा आकडा आपोआप चाळीसवरून एकेचाळीसवर जातो. मग आणखी एक परीक्षा: डाउनलोड चालू असतानाच कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. मॅनेजर पुन्हा उघडल्यावर फाइल अर्ध्यावर उभी दिसली पाहिजे. या दोन्हींत जो नापास तो काढून टाका, दुसरा बसवा.

उतरलेली फाइल पूर्ण आणि अस्सल आहे का हे हॅशवरून कळतं. लिबरऑफिसच्या डाउनलोडच्या दुव्याजवळ ‘इन्फो’ असं असतं, तिथे एसएचए-२५६ नावापुढे अक्षरं-आकड्यांची ६४ अक्षरी ओळ मिळते. आपल्या कॉम्प्युटरवर सेव्हन-झिप असेल तर फाइलवर राइट क्लिक करा (विंडोज ११ मध्ये आधी ‘शो मोअर ऑप्शन्स’), सीआरसी-एसएचएच्या यादीतून एसएचए-२५६ निवडा. दोन्ही ओळी पहिल्यापासून शेवटपर्यंत जुळल्या पाहिजेत. एक अक्षर जरी वेगळं असेल तर ती फाइल चालवू नका, पुन्हा उतरवा. लिनक्सची इमेज (ते बसवायची आयएसओ फाइल) घेऊन पेनड्राइव्ह बनवणाऱ्यांनी तर हे केलंच पाहिजे, कारण खराब इमेज अर्ध्या इन्स्टॉलेशनवर दगा देते.

अडलं तर

गूगल ड्राइव्हवरचं अख्खं फोल्डर उतरवायला गेलं की गूगल त्याची झिप त्याच वेळी बनवतं. तिला रिझ्यूमचा भरवसा धरू नका. फायली एकेक करून घ्या. लॉगिन लागणाऱ्या साइटवरची लिंक नुसती कॉपी करून चिकटवली तर मॅनेजरला फाइलऐवजी काही केबींचं लॉगिनचं पान मिळतं. फाइलचं नाव बरोबर पण आकार क्षुल्लक, असं दिसलं की हेच झालं समजा. तिथे एक्स्टेन्शन हवं, किंवा ती फाइल ब्राउझरमधूनच घ्या.

यूट्यूबचं काय, हे कोणीतरी विचारणारच. त्यांच्या अटींमध्ये त्यांनी स्वतः दिलेल्या सोयीखेरीज व्हिडिओ उतरवायला परवानगी नाही. प्रवासात बघायचं असेल तर ॲपमधलं डाउनलोडचं बटण वापरा.

आणि मोठी फाइल पेनड्राइव्हवर जात नसेल, “फाइल फार मोठी आहे” म्हणत असेल पण जागा तर भरपूर दिसत असेल, तर पेनड्राइव्हचा साचा (फाइल सिस्टिम) बघा. फॅट-३२ मध्ये ४ जीबी किंवा त्याहून मोठी एकच फाइल बसत नाही. त्यावरचं सगळं दुसरीकडे उतरवून घ्या, पेनड्राइव्हवर राइट क्लिक, फॉर्मॅट, आणि यादीतून एक्सफॅट निवडा.